“हे कोन्त्या रकान्यात लिहू?”



अमरावतीतल्या या मानसशास्त्र परिषदेचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षाने दोनच गोष्टी करायच्या असतात. जेवण वेळेवर द्यायचं आणि भाषण लवकर आटपायचं. पहिली आचाऱ्यावर सोपवली आहे.

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. कापसाच्या अडतीत आयुष्य गेलं. माडीवरच्या चार खोल्या तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना भाड्याने देतो, एवढाच या विषयाशी संबंध. रात्री दोनला कोणाचा दिवा चालू आहे, निकालाच्या दिवशी कोण जेवायला उतरलाच नाही, हे खाली बसूनही कळतं.

गेल्या वर्षी दर्यापूरकडचा एक पोरगा कॉलेजात मिळालेली प्रश्नावली घेऊन खाली आला. खारपाणपट्ट्यातलं घर, विहिरीला खारं पाणी, सगळी मदार पावसावर. ‘मला अस्वस्थ वाटते’ या वाक्यापुढे नेहमी, कधीकधी, कधीच नाही असे रकाने. म्हणाला, “काकाजी, सोयाबीनचा भाव पडला का मले झोप येत नाई. चढला का येते. हे कोन्त्या रकान्यात लिहू?”

मी निरुत्तर. पुढे एका प्राध्यापकांनी समजावलं, की स्पीलबर्गर आणि सहकाऱ्यांच्या १९७० च्या चाचणीत प्रसंगाने येणारी चिंता वेगळी मोजतात आणि स्वभावात मुरलेली वेगळी. पटलं. पण ज्या घरात भाव दरसाल पडतो, तिथे प्रसंगाचा स्वभाव कधी होतो? तुम्ही प्राध्यापक मंडळी परिषदेच्या या दोन दिवसांत त्यावर बोलाल, अशी आशा धरून आहे.

हाच पोरगा देवळात फारसा जात नाही. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत अनवाणी चालतो. परतला की पायाला फोड आणि दोन दिवस गाढ झोप. भक्ती की मित्रांची संगत, असं विचारलं तर नुसता हसला. तुमच्या प्रश्नावलीत आध्यात्मिक गरजेचा रकाना असेल, तर तो भरताना ते हसूही जमेस धरा, बुवा.

विचारण्यावरून आठवलं, आपल्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते गाडगेबाबा कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्याकडून उत्तर वदवून घ्यायचे. त्याला समुपदेशन म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मी आपला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर जिन्यात लिहून ठेवलाय. पोरांनी त्याच्याखाली मेसवाल्यांचे नंबर लिहिलेत! असोत. निदान त्या भिंतीकडे नजर तरी जाते.

संध्याकाळी साडेपाचला वलगावकडे बस निघेल. तिथे पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या टेबलावर नावं द्यावीत. आणि दुपारी गिलावडा आहे, बाहेरच्या पाहुण्यांनी जरा जपून घ्यावा.