काळ्या धुळीतील वीज



बिदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवितो आणि किल्ल्यातील मातीच्या लेपाने भांड्याला काळेभोर रूप देतो. त्याच बिदरवरून हवाई दलाची प्रशिक्षण विमाने झेपावतात. आधुनिक विमानविद्येनेही एक काळा पदार्थ जवळ केला आहे. राळेत घट्ट बसविलेल्या कार्बन तंतूंचे हे संमिश्र होय. बंगळूरला घडणाऱ्या ‘तेजस’च्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे, बोइंग ७८७ मध्ये तो ५० टक्क्यांच्या घरात जातो. त्या ७८७ च्या फरशीखालील संमिश्र तुळया नागपूरच्या मिहानमध्ये घडविल्या गेल्या.

या पदार्थाचा हलकेपणा आणि बळकटी सर्वश्रुत आहे. त्याच्या धुळीचा स्वभाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. लाकडाचा कोरडा भुसा वीज वाहून नेत नाही. कार्बनचा तंतू ग्राफाइटच्या कुळातला, म्हणून पेन्सिलीच्या शिशाप्रमाणे तो वीजवाहक. त्याची जाडी अवघी ५ ते ७ मायक्रॉन. भोके पाडताना, कडा घासताना तुटलेले तुकडे हवेवर तरंगत वीजपेटीत शिरतात, दोन जोडांवर आडवे पडतात आणि विजेला नको तेथे पूल मिळतो. मग यंत्र बंद पडते किंवा भलतेच चालते. १९९९ साली सर्बियातील वीजकेंद्रांवर असेच बारीक तंतू टाकून ‘नाटो’ने मोठ्या प्रदेशात अंधार केला होता.

नवल असे, की अखंड पत्रा म्हणून हाच पदार्थ विजेपुढे तोकडा पडतो. आकाशातील वीज कोसळली, तर ॲल्युमिनियमइतक्या सहजतेने तो ती वाहून नेत नाही. त्यासाठी बाह्य थरात तांब्याची बारीक जाळी घालावी लागते. आकाशातील प्रचंड प्रवाहाला अपुरा पडणारा कार्बन वीजपेटीतील लहानशा प्रवाहाला मात्र पुरेसा ठरतो.

उपाय साधे, पण नेमाने पाळण्याचे आहेत. धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती ओढून घ्यावी, वीजपेट्या घट्ट बंद ठेवाव्यात, दाबाच्या हवेने झाडझूड करू नये. कामगाराने मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. ही धूळ त्वचेला आणि श्वासालाही जाचक असते.

बिदर-कलबुरगीकडील एखादा तरुण उद्या हैदराबादच्या वा बंगळूरच्या विमान-कारखान्यात रुजू होईल. धूळ झटकण्याची सूचना त्यामागील कारणासह त्याला आपल्या भाषेत वाचता आली, तर तो ती अधिक मनापासून पाळील. अशी पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात असणे, ही त्याच्या श्वासाची आणि यंत्राची राखणच आहे.