खेळाडूंच्या सहवासांत पांच दिवस

कोणत्याहि गोष्टीचा उगम पुण्यांत दाखवून देण्याची पुणेकरांना हौस असते, असा आमच्यावर एक जुना आरोप आहे. बॅडमिंटनच्या बाबतींत तो आरोप मी आनंदानें मान्य करतों. एकोणिसाव्या शतकांत लष्करी छावणींतले इंग्रज अधिकारी मधें जाळें बांधून आणि पिसांचें फूल उडवून हा खेळ आमच्या गांवीं खेळत, व त्याला ‘पूना’ याच नांवानें ओळखीत. पुढें ते मायदेशीं परतले. ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या ‘बॅडमिंटन’ नांवाच्या वाड्यावरून खेळाला नवें नांव मिळालें. १८९९ सालीं तिकडे ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा सुरू झाली, आणि पुणें मागें पडलें. लग्नानंतर नांव बदललेल्या माहेरवाशिणीला तिच्या सासरीं जाऊन भेटावें, तशा कांहींशा भावनेनें मार्च २०२२ मध्यें मी ही स्पर्धा पाहावयास बर्मिंगहॅमला गेलों.

माझा पुतण्या त्या शहरांत नोकरीनिमित्त बरींच वर्षें राहतो. त्याचा मुलगा त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. तीन वर्षें तो तेथल्या एका क्लबांत नियमानें खेळत असे. मी पोंचण्याच्या आदल्याच आठवड्यांत मुलांच्या एका स्पर्धेंत तो पहिल्या फेरींत सपशेल हरला होता, आणि यापुढें खेळणार नाहीं असें त्यानें घरांत जाहीर केलें होतें. अशा वेळीं घरांतल्या वडील माणसाचें जें कर्तव्य, तें मीं ताबडतोब बजावलें. म्हणजे त्याला उपदेश केला. प्रकाश पदुकोण यांनीं १९८० सालीं इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग यांना १५–३, १५–१० असें नमवून हीच स्पर्धा कशी जिंकली. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या पुलेला गोपीचंद यांनीं २००१ सालीं चीनच्या चेन हाँग यांच्यावर मात करून तो पराक्रम पुन्हां कसा करून दाखविला. या सर्व कथा मीं त्याला जेवतांना ऐकविल्या. शेवटीं, त्याच्या सामन्याचें चलच्चित्र पाहून त्याचें कोठें कोठें चुकलें, तेंहि सांगितलें. त्यानें सारें निमूटपणें ऐकून घेतलें, आणि रॅकेट उचलून कपाटाच्या वर ठेवून दिली.

बुधवारीं, १६ मार्चला, आम्ही दोघे स्पर्धेच्या ठिकाणीं गेलों. शहराच्या मध्यभागीं, कालव्याच्या कांठीं तें प्रचंड सभागृह आहे. प्रेक्षक अंधारांत, आणि खालीं उजेडांत न्हालेलीं कोर्टें. एकेरीचें कोर्ट म्हणजे ४४ फूट लांब आणि १७ फूट रुंद एवढीच जागा. फुलाला सोळा पिसें, आणि त्याचें वजन सुमारें पांच ग्रॅम. परंतु त्या एवढ्याशा जागेंत माणूस किती धांवतो, वांकतो आणि झेपावतो! २०२३ सालीं आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या एका स्मॅशचा वेग चाचणींत ताशीं ५६५ किलोमीटर भरला. उंच गॅलरींतून पाहणाऱ्याला हा वेग मुळींच जाणवत नाहीं. त्याला दिसते ती केवळ सफाई. सर्व कसें संथ आणि सोपें वाटतें, आणि म्हणूनच ‘येथें हा चुकला, तेथें तो चुकला’ असें त्याला क्षणोक्षणीं वाटत राहतें. गॅलरींतल्या प्रत्येक आसनावर एक एक आचार्य बसलेला असतो. मीहि त्यांतलाच एक होतों.

त्या संध्याकाळीं खेळाडूंची बस ज्या दाराशीं उभी राहते, तेथें आम्ही सहीसाठीं वही घेऊन उभे होतों. थोड्या वेळानें एक नामांकित खेळाडु बाहेर आला. त्याचें नांव मी येथें घेत नाहीं, त्याचें कारण पुढें कळेलच. वयानें तो तिशीच्या पलीकडचा. खांद्यावर दोन जड पिशव्या, केस अजून ओले. तासाभरापूर्वीं तिसऱ्या डावांत १९–१९ पर्यंत येऊन तो हरला होता. मीं वही पुढें केली. त्यानें एक पिशवी खालीं ठेविली आणि सही केली. त्याचा हात किंचित् थरथरत होता. एवढ्यावर मीं थांबावयास हवें होतें. पण मी पडलों जाणकार! मी म्हणालों, ‘एकोणिसाला आपण फूल त्याच्या उजव्या बाजूला उंच द्यावयास नको होतें.’

त्यानें माझ्याकडे पाहिलें. रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. तो म्हणाला, ‘होय. फूल रॅकेटवरून सुटलें, त्याच क्षणीं मलाहि तें कळलें.’ मग पिशवी उचलून, ‘आपण पाहावयास आलांत, आभारी आहे,’ असें म्हणून तो बसमध्यें चढला आणि खिडकीला डोकें टेंकून बसला.

मीं वळून नातवाकडे पाहिलें. तो माझ्याकडेच पाहत होता. ती दृष्टि मला ओळखीची वाटली. त्याच्या चुका मीं जेवतांना मोजून दाखविल्या, तेव्हांहि त्यानें माझ्याकडे असेंच पाहिलें होतें. त्या वेळीं मला तिचा अर्थ कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं कालव्याजवळच्या एका उपाहारगृहांत आम्ही चहाला गेलों. शेजारच्या मेजावर एक तरुणी एकटीच बसली होती. पायाशीं रॅकेटांची पिशवी होती. ही युरोपांतील एका देशाकडून दुहेरी खेळणारी खेळाडु आहे, हें नातवानें ओळखलें, आणि बराच वेळ धीर गोळा करून तो वही घेऊन तिच्याकडे गेला. मी जागचा हललों नाहीं. आदल्या दिवसाच्या अनुभवानें मी एवढें शहाणपण शिकलों होतों. परंतु त्यांचें बोलणें मला स्पष्ट ऐकूं येत होतें.

‘तूं खेळतोस का?’ तिनें सही करतां करतां विचारलें.

‘खेळत होतों.’

‘मग थांबलास केव्हां?’

‘हरलों तेव्हां.’

‘कितीनें हरलास?’

मुलानें क्षणभर आवंढा गिळला. हा प्रश्न घरांत कोणीं त्याला विचारला नव्हता. कारण सर्वांना उत्तर ठाऊक होतें. ‘२१–६, २१–९,’ तो म्हणाला.

ती मनापासून हसली. ‘आम्ही काल २१–९, २१–११ अशा हरलों. म्हणजे तुझ्यापेक्षां पांच गुण जास्त!’

‘मग आतां तुम्ही काय करणार?’

‘आतां हा चहा संपविणार. मग या दोन रॅकेटांचें गटिंग करून घेणार. पुढच्या आठवड्यांत स्वित्झर्लंडमध्यें, बाझलला स्पर्धा आहे, तेथें खेळणार.’

एवढेंच. मनुष्यानें धीर सोडूं नये, अपयश ही यशाची पायरी आहे, वगैरे एकहि वाक्य तिनें उच्चारलें नाहीं. पिशवींतली एक रॅकेट काढून तिनें त्याच्या हातांत दिली. त्यानें ती हलवून, तारांवर बोट वाजवून पाहिली, आणि परत केली. चहा संपवून ती निघून गेली. नातू आपल्या जागीं येऊन बसला आणि बऱ्याच वेळानें म्हणाला, ‘आजोबा, त्या पुन्हां खेळणार आहेत.’ जणूं कांहीं ही एखादी विलक्षण बातमी होती!

श्रोतेहो, त्या रात्रीं मीं एक साधा हिशेब केला. त्या वर्षीं एकेरीच्या स्पर्धेंत खेळाडु होते ३२. बुधवारीं त्यांपैकीं सोळा गळाले होते, गुरुवारीं आठ; शुक्रवारीं चार, शनिवारीं दोन आणि रविवारीं एक गळणार होता. म्हणजे पांच दिवसांत जगांतल्या अत्यंत निवडक अशा ३२ जणांपैकीं ३१ जण हरून घरीं जाणार होते. आपण विजेत्याला पाहावयास जातों. परंतु आपल्या भोंवतीं, दाराशीं, बसमध्यें, चहाच्या मेजावर जे भेटतात, ते जवळजवळ सगळे हरलेलेच असतात. आणि हरणें हेंच त्यांच्या व्यवसायांतलें नित्याचें काम असतें. नोकरदार जसा सोमवारीं कचेरींत जातो, तसे ते पुढच्या आठवड्यांत पुढच्या गांवीं जातात.

आपल्याकडील या खेळाचा इतिहासहि असाच नाहीं का? १९४७ सालीं याच स्पर्धेंत प्रकाश नाथ आणि देवेंदर मोहन या दोन भारतीयांची आपसांतच उपान्त्यपूर्व फेरींत गांठ पडली. दोघांनीं दमून जाण्यापेक्षां एकानें ताज्या दमानें पुढें जावें, म्हणून त्यांनीं नाणें उडवून निकाल लावला. कौल प्रकाश नाथ यांच्या बाजूनें पडला. ते अंतिम फेरीपर्यंत पोंचले. पण त्या दिवशीं सकाळीं त्यांचें लाहोर शहर दंग्यांत जळत असल्याची बातमी वर्तमानपत्रांतून त्यांच्या दृष्टीस पडली, आणि स्वीडनच्या येपसेन यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर १९५४ सालीं उपान्त्यपूर्व फेरींत हरले. तेच नाटेकर १९५६ सालीं मलायांत सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशीं विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटु ठरले. १९८० चें यश आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. पण एक खेळाडु रॅकेट न उचलतां, केवळ नाण्याच्या एका कौलानें स्पर्धेबाहेर गेला, आणि आपल्या सोबत्याला पुढें पाठवून स्वतः प्रेक्षकांत बसला, त्या देवेंदर मोहनांची आठवण आपण कितीशी ठेवली?

माझ्या सुदैवानें २०२२ च्या स्पर्धेंत आमच्या आनंदाला एक मोठें निमित्त मिळालें. अल्मोड्याच्या लक्ष्य सेनचें वय त्या वेळीं वीस वर्षांचें होतें. त्याचीहि पहिल्या फेरींत गांठ पडली ती आपल्याच सौरभ वर्माशीं. तेथून डेन्मार्कच्या अँटोन्सेनला हरवून तो पुढें आला. चीनचा प्रतिस्पर्धी न खेळल्यामुळें त्याला एक विश्रांति मिळाली. आणि शनिवारीं आदल्या वर्षींचा विजेता, मलेशियाचा ली झी जिया, याला त्यानें २१–१३, १२–२१, २१–१९ असें हरविलें. शेवटच्या गुणाला सभागृहांत जो गजर झाला, त्यांत माझा जुना आवाज आणि नातवाचा फुटूं लागलेला आवाज हे दोन्ही होते. त्याच दिवशीं महिलांच्या दुहेरींत त्रीसा जॉली आणि गोपीचंद यांची कन्या गायत्री या दोघी उपान्त्य सामन्यांत हरल्या. या मुलींना मूळ यादींत स्थानहि नव्हतें. त्या राखीव यादींतून आल्या होत्या, आणि जगांतल्या अव्वल जोड्यांना मागें टाकून उपान्त्य फेरीपर्यंत पोंचल्या होत्या. त्या कोर्टावरून उतरल्या तेव्हां नातू उभा राहून टाळ्या वाजवीत होता. बुधवारीं त्यानें फक्त जिंकणाऱ्यांसाठीं टाळ्या वाजविल्या होत्या.

रविवारीं लक्ष्यसमोर डेन्मार्कचा व्हिक्टर अॅक्सेलसेन उभा राहिला. सव्वासहा फुटांहून उंच, ऑलिंपिक विजेता. आठच दिवसांपूर्वीं जर्मनींतल्या स्पर्धेंत लक्ष्यनें त्याला हरविलें होतें. म्हणून आमच्या आशा गगनाला भिडल्या होत्या. परंतु तो दिवस अॅक्सेलसेनचा होता. लक्ष्यनें जमिनीवर झोंके घेऊन फुलें उचललीं, लांबच लांब चकमकी खेळल्या. तरी प्रत्येक वेळीं वरून एक फटका येई आणि गुण जाई. २१–१०, २१–१५. संपलें. मला ठाऊक आहे, त्या वेळीं माझ्या मनांत कमींत कमी सात सूचना तयार होत्या. नातवानें माझ्याकडे पाहिलें. मीं एकहि उच्चारली नाहीं. श्रोतेहो, सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या शिक्षकाच्या दृष्टीनें हा पराक्रम लहान नव्हे.

घरीं परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातू म्हणाला, ‘आजोबा, मंगळवारीं क्लबांत सराव असतो. तुम्ही याल?’

‘येईन कीं!’ मी म्हणालों.

‘पण मी हरलों तर,’ तो म्हणाला, ‘लगेच कांहीं सांगूं नका. मला माहीत असतें.’

त्या सहीच्या वहींत पांच दिवसांत सत्तावीस सह्या जमल्या होत्या. त्यांत विजेता एकहि नाहीं; अॅक्सेलसेनपर्यंत आम्हांला पोंचतांच आलें नाहीं. वही आजहि नातवाजवळ आहे. तिच्यांतली एक सही थोडी वांकडी आहे. ती थरथरत्या हातानें केलेली आहे. मी ज्याला नको तें सांगितलें, त्या सद्गृहस्थ खेळाडूची ती सही आहे. त्याची क्षमा मागण्याची संधि मला पुन्हां मिळाली नाहीं. त्या मंगळवारीं मी क्लबांत गेलों, नातू एक सामना हरला व एक जिंकला, आणि दोन्ही वेळां मीं त्याला फक्त पाणी दिलें. त्या क्षमेचा एवढाच हप्ता मला आजवर फेडतां आला आहे.