सहा हजारांसाठी कॉलेज सोडायचं का?

आज गटाचा हिशेब बाजूला ठेवू आणि आपल्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींविषयी बोलू.

२०२४ चा पावसाळा आठवतोय ना? लाडकी बहीणचे अर्ज भरायला आपण सगळ्या कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होतो. त्याच जुलैमध्ये आणखी एक योजना आली, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ नाव दिलं, त्यामुळे पुष्कळ घरांत वाटलं की ही फक्त मुलग्यांसाठीच आहे. तसं नव्हतं. १८ ते ३५ वयाच्या मुलींनाही ती होती. सरकारी कार्यालयात किंवा खाजगी कारखान्यात सहा महिने काम शिकायचं. बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेत नाही. खटाव तालुक्यात, मायणी भागात राहतात. दोन मुली. थोरलीचं बीए तेव्हा नुकतंच झालेलं, धाकटी बीएच्या दुसऱ्या वर्षाला. ताई मीटिंगला आल्या त्याच हिशेब घालून. “थोरलीचे दहा, धाकटीचे सहा. महिन्याला सोळा हजार! गाईच्या कर्जाचा हप्ता सुटला बघा मॅडम.”

अडचण एकच होती. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना नाही, असा नियमच आहे. ताई म्हणाल्या, “मग धाकटीचं नाव काढू कॉलेजातून. पुढच्या वर्षी परत घालू.”

मैत्रिणींनो, ते ‘पुढच्या वर्षी’ मला चांगलं माहीत आहे. मीसुद्धा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं, एका वर्षापुरतं म्हणून. परत वही हातात घ्यायला सहा वर्षं लागली. तोवर पदरात दोन लेकरं होती. मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केलं ते रात्री भांडी आवरल्यावर अभ्यास करून.

मी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. धाकटी आत्ता गेली तर सहा महिन्यांचे ३६,०००. डिग्री घेऊन कुठे गेली तर तेवढ्याच दिवसांचे ६०,०००. आणि पैसे सहा महिन्यांनी थांबणार, डिग्री जन्मभर राहणार. गटातल्या एक आजी म्हणाल्या, “अगं, कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिलं. आपण आपल्या पोरीचं कॉलेज मोडायचं होय?” ताई गप्प झाल्या. धाकटी कॉलेजातच राहिली. तिला ‘कमवा आणि शिका’मध्ये ग्रंथालयात काम मिळालं. पैसे थोडेच, पण वह्या-पुस्तकांचा आणि एसटीचा खर्च निघाला.

आता थोरलीचं ऐका. महास्वयम पोर्टलवर नोंदणी करायला बसली तर ओटीपी येईना. आधारला वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर! तो बदलण्यात काही दिवस गेले. मग रहिवासी दाखला, मार्कशीट आणि बँकेचा तपशील देऊन अर्ज गेला. विट्यातल्या एका कार्यालयात जागा मिळाली. जिल्हा सांगली, पण आमच्या भागाला विटाच जवळ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाणं-येणं परवडलं.

पहिला आठवडा नुसती खुर्चीवर बसून होती. कुणी काम सांगेना. घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, “तू विचार. आवक-जावकचं रजिस्टर मी लिहू का, म्हण.” तिने विचारलं आणि रजिस्टर मिळालं. पुढे मराठी टायपिंग आलं, कॉम्प्युटरवर तक्ते करता आले, कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो तेही कळलं.

पहिल्या महिन्याचे पैसे आलेच नाहीत. बरोबरच्या मुलींचे जमा झाले, हिचे नाहीत. शोधलं तर शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात पडले होते. आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं. अर्जात कोणतंही खातं लिहा, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात. लाडकी बहीणच्या वेळी आपल्यातल्या कितीजणींचं हेच झालं होतं!

चौथ्या महिन्यात स्थळ आलं. पाहुणे म्हणाले, नोकरी सोडून लगेच लग्न करू. तेव्हा ज्या ताई धाकटीचं नाव कॉलेजातून काढायला निघाल्या होत्या, त्याच म्हणाल्या, “आधी तिचं प्रशिक्षण पुरं होऊ दे.” मला फार बरं वाटलं.

२०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली आणि तिचे एकूण अकरा महिने पूर्ण झाले. प्रमाणपत्र मिळालं. पण कायम नोकरी नाही मिळाली. मोठी आशा धरून बसलेल्या पोरांनी कायम करा म्हणून मोर्चे काढले. त्यांचं दुःख खरं आहे, पण योजनेत नोकरीची हमी पहिल्यापासून नव्हती. थोरली आज विट्यात एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करते. पगार विद्यावेतनापेक्षा कमी आहे, नऊ हजार. पण मुलाखतीत तिने अकरा महिन्यांचं काम दाखवलं म्हणूनच तिला घेतलं.

तर अशी कोणतीही योजना आली की एवढं करा. मुलीचं शिक्षण चालू असेल तर कॉलेज सोडू देऊ नका. आधारचा मोबाईल नंबर आणि आधार कोणत्या खात्याला जोडलंय, हे अर्जाआधी तपासा. खातं मुलीच्याच नावाचं असू द्या. जागा सुरू आहेत का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारा, एजंटाला पैसे देऊ नका. हजेरी आणि प्रमाणपत्राच्या प्रती घरी जपून ठेवा. आणि मुदत संपायच्या दोन महिने आधीच पुढचं काम शोधायला लागा.

धाकटी यंदा तिसऱ्या वर्षाची परीक्षा देतेय. परवा ताई मीटिंगला आल्या, हप्ता भरला आणि म्हणाल्या, “मॅडम, आता ही पण पदवीधर होणार बघा.” गाईचं कर्ज अजून थोडं बाकी आहे. तेही फिटेल.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.