विद्यार्थ्यांचा पहिला रहस्यपट
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर सिनेमाचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. पूर्वी मुले सिनेमा पाहतात म्हणून वडीलधारी मंडळी काळजी करीत. आता मुले सिनेमा करू लागली आहेत. हातात मोबाईल असतो, सोबत चार मित्र असतात आणि रविवार मोकळा असतो. विषय बहुधा खुनाचा निघतो. त्याचे कारण उघड आहे. रहस्यपटाला राजवाडा लागत नाही. एक अंधारा जिना, एक बंद खोली आणि दोन माणसे पुरतात. मग तो मित्रांना दाखविला जातो, ज्या जागी त्यांनी दचकावे नेमक्या त्याच जागी ते हसतात, आणि निर्माते खजील होऊन तो पुसून टाकतात. या पहिल्या प्रयत्नाचे करायचे काय, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घेऊ. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे शिकत असताना श्रीनगरहून आलेल्या विधू विनोद चोप्रा या विद्यार्थ्याने १९७६ मध्ये ‘मर्डर अॅट मंकी हिल’ हा छोटा रहस्यपट केला. एका तरुणीला ठार मारण्याची सुपारी घेतलेला माणूस तिच्याच प्रेमात पडतो, एवढेच त्याचे बीज. या विद्यार्थिपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट. पुरस्कार मिळाला म्हणून चोप्रांनी ते कथानक संपले असे मानले नाही. त्याच कथाबीजावर त्यांनी १९८१ मध्ये ‘सजा-ए-मौत’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. नंतर १९८५ मध्ये ‘खामोश’ आला, १९८९ मध्ये ‘परिंदा’ आला. ‘परिंदा’च्या संकलनासाठी रेणू सलुजा यांना आणि अभिनयासाठी नाना पाटेकरांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. पहिल्या विद्यार्थिपटापासून ‘परिंदा’पर्यंत तेरा वर्षे गेली. ज्याचा पहिला प्रयत्न गौरविला गेला, तोही त्याच कथेकडे परत गेला. मग ज्यांचा फसला त्यांनी तो पुसून का टाकावा?

दुसरी गोष्ट साधनांची. त्या काळी फिल्म मोजून मिळे. सोळा मिलिमीटरच्या चारशे फूट रिळात जेमतेम अकरा मिनिटांचे चित्रण होई. बटण दाबण्यापूर्वी विचार करावाच लागे. ख्रिस्तोफर नोलन यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘फॉलोइंग’ १९९८ साली आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असल्यापासूनच्या मित्रांना घेऊन, सर्वांच्या नोकऱ्या सांभाळून, शनिवारी शनिवारी चित्रण करीत त्यांनी तो सुमारे वर्षभरात पुरा केला. खर्च सुमारे सहा हजार डॉलर. फिल्म वाया जाऊ नये म्हणून नाटकासारख्या तालमी घेतल्या आणि एक-दोन वेळांत प्रसंग टिपला. आज मोबाईलवर शंभर वेळा चित्रण केले तरी पैसा पडत नाही. म्हणून ती शिस्त आता बाहेरून कोणी लावणार नाही. ती आपली आपणच लावून घ्यावी लागेल. आधी कागदावर लिहा, मग तालीम करा आणि शेवटी मोबाईल बाहेर काढा.

आता प्रेक्षक हसले का, ते पाहू. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना एक साधा हिशेब सांगितला होता. दोन माणसे टेबलापाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि एकदम बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा ऐकताना तो मिनिटे मोजू लागतो. आपली मुले सारे काही लपवून ठेवतात आणि शेवटी एकदम उघड करतात. प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसेल, तर तो काळजी कोणाची करणार?

आवाजाचेही तसेच. हिचकॉक यांच्या १९२९ च्या ‘ब्लॅकमेल’मध्ये हातून खून घडलेली मुलगी सकाळी न्याहारीला बसली आहे. शेजारीण बडबड करते आहे. हळूहळू तिचे बाकीचे शब्द अस्पष्ट होतात आणि ‘सुरी’ एवढा एकच शब्द कानावर आदळत राहतो. तेथे रक्ताचा थेंब नाही. विद्यार्थी मात्र लाल रंगाच्या बाटल्या ओततात आणि वर कर्कश संगीत लावतात. त्यापेक्षा रात्रीच्या जिन्यावरची चपलांची चाहूल नीट टिपली, तर भीती आपोआप येईल.

मित्रहो, याहून मोठी गोष्ट आता सांगतो. रहस्यपटात कोणावर तरी संशय घ्यावा लागतो. विद्यार्थी तो कोणावर घेतात ते पाहा: वॉचमनवर, घरकाम करणाऱ्या बाईवर, मळकट कपड्यांतल्या फेरीवाल्यावर, परगावच्या बोलीत बोलणाऱ्यावर. हे कोणी मुद्दाम करीत नाही. पाहिलेल्या शंभर चित्रपटांतून ते हातात आपोआप उतरते. पण ज्याच्याकडे आपण कॅमेरा रोखतो, त्याच्याकडे उद्या बघणाऱ्याची नजर थोडी बदलते. ‘मर्डर अॅट मंकी हिल’च्या कथेत मारेकऱ्याच्याच मनात माया जागी होते, म्हणून ती कथा लक्षात राहते. तेव्हा पटकथा लिहिताना एकच प्रश्न विचारा: हा माणूस संशयित का? त्याने काही केले म्हणून, की तो तसा दिसतो म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर कथा पुन्हा लिहा. प्रेत झालेल्या पात्रालाही नाव द्या, आई द्या, अर्धवट राहिलेले एखादे काम द्या. मग त्याच्या मरणाला कोणी हसणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलांचा असा प्रयत्न वर्गात एकदा लावा, आणि कोठे हसू आले व का आले, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. निबंधाची वही तपासता, तशीच ही वही समजा. पालकांनी ‘वेळ फुकट घालवलास’ असे म्हणण्याआधी तो दहा मिनिटे बसून पाहावा. लेखन, गणित, प्रकाशाचे शास्त्र, हिशेब, आणि चार जणांनी भांडण न करता काम तडीस नेणे, एवढे सारे त्यात असते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही तो पुसू नका. जपून ठेवा. पाच वर्षांनी तोच विषय पुन्हा हाती घ्यावासा वाटला, तर सुरुवात करायला काहीतरी शिल्लक असेल.