नव्या मंडळीची पहिली वर्षे



नवी मंडळी सुरू करणाऱ्या तरुण पाळकाला पहिल्या वर्षी सगळे एकच विचारतात : किती जण येतात? सासरे विचारतात, बरोबर शिकलेले मित्र विचारतात, मदत पाठवणारी संस्था तर तीन-तीन महिन्यांनी कागदावर लिहून मागते. आणि त्याच्या डोळ्यांपुढे असतात भाड्याच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्या. देवावर भरवसा ठेवायचा तो इथे, या खुर्च्यांपुढे. म्हणून आज मला सांगायचा आहे तो आपल्याच मंडळीचा, मराठी मंडळीचा, सुरुवातीचा काळ. तो आपण शताब्दी-सोहळ्यांत फार घाईने उरकून टाकतो.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. शिवाय इंग्लंड-अमेरिकेचे युद्ध चालू होते. कलकत्त्यात त्यांना हद्दपारीचा हुकूम झालाच होता, मुंबईतही तोच वाट पाहत होता. हॉलने गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्याकडे अर्जांमागून अर्ज केले. पुढे १८१३च्या सनदेने मिशनरींना वाट मोकळी झाली. त्यांचा तिसरा सोबती सॅम्युएल न्यूवेल मुंबईला पोचला तो एकटाच. त्याची पत्नी हॅरिएट मॉरिशसला वारली होती, वय अवघे एकोणीस, आणि तिच्याआधी तान्ही मुलगी समुद्रावरच गेली होती. नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली परत गेला. न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला.

हॉल राहिला. तेरा वर्षे राहिला. या तेरा वर्षांत त्याने काय केले? मराठी शिकला, बाजारात आणि देवळांच्या आवारात उभा राहून बोलला, शाळा काढल्या, छापखाना चालवला. १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. १८२४ मध्ये मिशनने मुलींची शाळा सुरू केली. पण मराठी माणसांची, आपल्या पायांवर उभी असलेली मंडळी? ती त्याला पाहायला मिळाली नाही. १८२५ मध्ये पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यांतला एक वाटेतच गेला.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकच्या बाजूला फिरतीवर गेला. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे तो वाटत सुटला, आणि औषधे संपली तेव्हा परतीला लागला. वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीवर रात्रीचा मुक्काम केला. पहाटे त्यालाच पटकीने गाठले. दुपारपर्यंत सारे संपले. बरोबर दोन पोरसवदा सोबती होते, त्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने घोंगडीत गुंडाळून त्याला मूठमाती दिली. वय एकेचाळीस. त्याच १८२६ साली मराठी नवा करार छापून पुरा झाला.

या माणसाचा अहवाल आजच्या तक्त्यात भरला तर 'सभासद' या रकान्यात काय लिहाल? मला हा प्रश्न तळमळून विचारावासा वाटतो. कारण त्यानंतर पाच वर्षांनी, १८३१ मध्ये, ग्रेव्ज, रीड आणि हार्वे हे मिशनरी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेले, तेव्हा त्यांच्या हाती छापलेले मराठी शास्त्र होते. बरोबर बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. हार्वे त्याआधीच, १८३२ मध्ये, वारला होता. बाबाजी १८३३ मध्येच वारला. १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. आणि १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळीला मराठी पाळक मिळायला एकवीस वर्षे लागली! पौलाने लावले, अपुल्लोने पाणी घातले, वाढवणारा देव, हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पण आपल्या इतिहासात लावणारा कोण, पाणी घालणारा कोण, आणि दोघांपैकी कुणाला काय दिसले, हे बोट ठेवून पाहिले म्हणजे त्या वचनाचे वजन कळते.

घाईची किंमत आणखी एका बाजूने मोजायला हवी. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांनी आधी ताटातूट सोसली, आणि एकत्र आल्यावरही वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक चालू ठेवला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की हा बदल कुणी त्यांच्यावर लादला नाही, तो त्यांच्या आतून आला. टिळकांचा स्वभाव उतावळा, तरीही ते या बाबतीत थांबले. कुणाला मोजण्यापुरते पाण्यात उतरवणे आणि त्याच्या घरादाराची, भावकीची उलथापालथ त्याच्या एकट्याच्या माथी टाकून पुढच्या गावाला जाणे, हे मला पाप वाटते. टिळकांनी शेवटच्या दिवसांत, १९१७ मध्ये, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांनी ते गेले, आणि दरबार त्यांच्या मनासारखा वाढला नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण देवावर सोपवलेले प्रत्येक काम फळतेच असे मी म्हणणार नाही.

इथे एक सावधगिरी. वाट पाहण्याच्या नावाखाली आळस फार सुखाने नांदतो. घरभेटी नाहीत, आजाऱ्याकडे फेरी नाही, शनिवारी रात्री अकराला उपदेश जुळवायचा आणि रविवारी ओस खोली पाहून 'प्रभूची वेळ आली नाही' म्हणायचे, याला धीर म्हणत नाहीत. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला तेव्हा अक्विल्ला-प्रिस्किल्लेच्या घरी तंबू शिवत होता. पोट हातावर, आणि बोलणे चालूच. हॉलचेही तेच : तो थांबला होता, पण एक दिवस रिकामा बसला नव्हता.

आज चाकण, वाळूज, चिंचवडला नोकरीसाठी गेलेली आपली कुटुंबे कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमतात. चटई, एक पेटी, असला तर तबला; शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बेताचा. एखादे कुटुंब बदली होऊन गेले की गाणारेच उरत नाहीत. या जागी उद्याची मंडळी आहे, असे मी मनापासून मानतो.

म्हणून इथे बसलेल्या जुन्या मंडळ्यांच्या वडीलजनांना माझे मागणे आहे. खोलीचे भाडे द्यायचे ठरवाल तर पाच वर्षांचे ठरवा, वर्षावर्षाला टांगते ठेवू नका. तीन वर्षे संख्या विचारू नका. विचारायचेच तर पाळकाने या महिन्यात कोणाकोणाच्या घरी प्रार्थना केली ते विचारा, आणि त्याची बायको-मुले कशी आहेत ते विचारा. आणि महिन्यातून एका रविवारी तुमच्यातले एक कुटुंब तिकडच्या उपासनेला पाठवा, पेटी वाजवणारा असेल तर आधी त्याला.