विजयदुर्ग : आरमार आपलं, आग कुणाची?

हेडफोन लावलेत ना? आज जायचंय देवगड तालुक्यात, विजयदुर्गला.

किल्ला तुम्ही रील्समध्ये पाहिलाच असेल. पण इथली खरी ताकद म्हणजे किल्ल्यामागची वाघोटण खाडी. पाणी खोल, आणि आडोसा असा की पावसाळ्यातही जहाजं निवांत राहतील. खाडीतून वर गेलं की खारेपाटण. आपल्यासाठी मुंबई-गोवा हायवेवरचा स्टॉप, पण शिलाहारांचा इ.स. १००८ चा ताम्रपट तिथे मिळालाय. अलीकडे गिर्ये. इंग्रज विजयदुर्गाला 'घेरिया' म्हणायचे ते या गावावरून. तिथे खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी अजून आहे.

१७२० मध्ये इंग्रज आले, १७२४ मध्ये डच आले. दोघेही हात हलवत परत गेले.

मग १७५६ मध्ये असं काय झालं? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखालाही त्रास द्यायचा. तो काही साधा माणूस नव्हता, हे मान्य. पण नानासाहेबांनी त्याच्यावर इंग्रजांनाच सोबत घेतलं. १२ फेब्रुवारीला अॅडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी. एका जहाजावर गोळा पडला, आग लागली आणि काही तासांत सगळं आरमार खाक! (ऑफिसात सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवणारे भेटतात, तेव्हा मला हीच जहाजं आठवतात.)

तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला आणि कैदेत पडला. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात शिरले मात्र इंग्रज. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसातच वाटून घेतली, मराठ्यांना छदामही नाही. वाटे कसे करायचे हे मुंबईतून निघायच्या आधीच ठरलं होतं! किल्ला परत मिळवायला पेशव्यांना ऑक्टोबरमध्ये बाणकोट द्यावं लागलं.

पुढच्याच वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते. प्लासी, १७५७.

नंतर पेशव्यांचं आरमार याच खाडीत आनंदराव धुळपांनी सांभाळलं, पण १८१८ मध्ये तेही संपलं.

विजयदुर्गला गेलात तर किल्ला बघून लगेच मालवणची वाट धरू नका. गिर्येची गोदी बघा, आणि ओहोटीच्या वेळेला जा.