विटाळ कोणाचा?



आज विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही जे बोलणार आहोत, ते ऐकून काही जण माना खाली घालतील. घालू नका. विषय आपल्या लेकींच्या मासिक पाळीचा आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. मागाहून सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. का, तर आपला विटाळ झाला! त्या शब्दाची चीड आपल्या रक्तात आहे. मग तोच शब्द घरात लेकीला कसा चालतो? पौर्णिमेच्या वंदनेला पोरगी दाराबाहेर का थांबते? शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनीही लिहिले, की पाळीवरून बाईला दूर ठेवणे ही अस्पृश्यताच आहे.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? आमची थोरली महिन्याचे चार दिवस शाळेत जात नसे. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते. घरी ती फडकी साडीखाली लपवून वाळत घाली. ऊन न लागल्याने ती दमटच राहत. आम्ही जन्मभर गिरणीत कापड विणले, पण आपल्या पोरीला चार स्वच्छ फडकी लागतात, हे आम्हाला कळले नाही. नववीत तिची शाळा सुटली. आम्ही म्हणालो, अभ्यासात मन नाही. खरे कारण तिने आईला सांगितले, तेही दहा वर्षांनी.

२०१८ मध्ये शासनाने ‘अस्मिता’ योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देऊ केले. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटीही गेला. चांगलेच झाले. पण कडी-पाणी नसेल, तर पोरीने पॅड बदलायचे कुठे?

म्हणून तीन गोष्टी करू. पालकसभेत उठून कडी, पाणी आणि झाकणाचा डबा मागू. दानपेटीतून दरमहा शेजारच्या शाळेत पॅडची पाकिटे ठेवू. बाईंकडे मागताना पोरीला लाज वाटू नये. आणि पाळी येण्याआधीच, पाचवी-सहावीत, मुलींना सारे समजावून सांगू. मुलांनाही सांगू, म्हणजे ती हसणार नाहीत.

आणि येत्या पौर्णिमेला दारातल्या पोरीला आत बोलवा, पुढच्या रांगेत बसवा. आमच्या लेकीला आम्ही ते देऊ शकलो नाही. नातीला देणार आहोत.